विदर्भातल्या खेड्यात, मित्राच्या घरी दोन दिवस

मित्र "कधीही ये" म्हणाला तरी तारीख त्याच्या घरच्या कामांकडे पाहून ठरवा. मृगाची पेरणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी या दिवसांत अख्खं घर वावरात, म्हणजे शेतात असतं. पाहुणा आला की एका बाईला घरी थांबावं लागतं, तिच्या जागी मजूर लावावा लागतो. त्यातल्या त्यात सोयीचा काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. तूर घरात आलेली असते, ऊन सोसवतं आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे व वांग्याची भाजी असा बेत वावरातच होतो. मे महिना शक्यतो टाळा. अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. जावंच लागलं तर सकाळी 10 च्या आत पोचा, डोक्याला दुपट्टा बांधा.

रेल्वेने अकोला, बडनेरा, वर्धा किंवा नागपूर गाठणं सोपं, खरी अडचण त्यापुढे. तालुक्यापर्यंत एसटी भरपूर, खेड्यात मात्र दिवसाला दोन-चार फेऱ्या. संध्याकाळची शेवटची बहुधा मुक्कामी गाडी असते. ती रात्री गावात थांबते आणि पहाटे परतते. ती चुकली की फाट्यावर काळी-पिवळीची, म्हणजे वडाप जीपची वाट पाहणं आलं. म्हणून गावाच्या नावासोबत फाट्याचं नावही विचारून ठेवा. पिंपळगाव नावाची गावं जागोजाग आहेत.

पावसाळ्यात स्वतःची कार नेत असाल तर ती डांबरी रस्त्यावरच ठेवा. पांदणीतली, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवरची काळी माती चाकाला थरावर थर चिकटते, मग चाक जागीच फिरतं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तुमच्या बुटांचीही तीच गत होते, तेव्हा साधी रबरी चप्पल बरी. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरी-बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी घरचे विकत किंवा लांबून आणत असतील, तर हात धुवायला ते वापरू नका. कोणतं पाणी कशासाठी, ते आधीच विचारा.

भेट म्हणून अर्धा किलो पेढे आणि लेकरांसाठी खाऊ पुरतो. महागडी वस्तू नेली की परतफेडीचं ओझं त्या घरावर पडतं. पुडा घरातल्या म्हातारीच्या हाती द्या, तो आधी देवापुढे जाईल. वरुड-मोर्शीकडे जाताना संत्री नेऊ नका, लोक हसतील.

दारात चपला काढा, पाय धुवायला पाणी दिलं तर धुवा, मोठ्यांना राम राम घाला. मित्राच्या वडिलांना काकाजी, आईला काकू. मग चहा येतो, तो गोड असतो. साखर नको असेल तर भांडं चुलीवर चढण्याआधी सांगा. संध्याकाळपर्यंत शेजारची चार घरं चहाला बोलावतील. कुणालाच नाही म्हणू नका, "अर्धाच कप द्या" म्हणा.

जेवणाची गोष्ट जरा सांभाळायची. पाहुण्यासाठी गावरान कोंबडा कापायची तयारी असते, तेव्हा मांसाहार करत नसाल तर दोन दिवस आधी मित्राला कळवा. पानात पहिल्यांदा कमीच घ्या. अर्धी भाकर, दोन चमचे भाजी. आग्रह दोन-तीनदा होणारच, आणि पहिल्याच वाढणीत पोट भरलं तर पुढचं उष्टं टाकावं लागतं, ते घरच्यांना लागतं. तर्री (रश्शावरचा तिखट तेलाचा तवंग) झोंबली की पाणी पिऊ नका, दही मागा. गोळाभातावर फोडणीचं गरम तेल ओततात. नको असेल तर भात वाढतानाच सांगा. सांबारवडी म्हटलं की सांबार शोधू नका, इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भंडारा-गोंदियाकडे धानाचा मुलूख, तिथे भाकरीऐवजी भात पुढे येतो. अनेक घरांत बायका पुरुषांच्या मागून जेवतात, म्हणून जेवण झाल्यावर ताटावर गप्पा मारत बसू नका. तुम्ही उठल्याशिवाय त्यांची ताटं वाढली जात नाहीत.

पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात फिरायला जाताना आधी विचारा, फवारणी कधी झाली? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ताज्या फवारणीच्या वावरात पाय ठेवू नका आणि बांधावरच्या डब्या-बाटल्यांना हात लावू नका.

रात्री जमिनीवर गादी टाकली तर बाज (खाट) मागून घ्या, मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा गादीखाली खोचा. मण्यार हा विषारी साप; ती रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. बाहेर जाताना टॉर्च हवाच, बूट घालण्याआधी झटका. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. 108 ला फोन करा. गाडीला उशीर लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा.

एक पिशवी रिकामी न्या. निघताना तुरीची डाळ, वाळवणं, एखादं लोणचं तिच्यात जाणार आहे. दोन-तीन किलो वजन धरून चाला. बाईमाणूस पाहुणी असेल तर ओटी भरतील, त्यालाही वेळ लागतो. म्हणून सातची एसटी पकडायची असेल तर रात्रीच सहाची सांगून ठेवा, आणि उंबऱ्यावर "जातो" नाही, "येतो" म्हणा.