बॉम्बर क्रूच्या शौर्यपदकाची शहानिशा कशी करावी

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर विमानात सहसा सात जण असत. पदक एकाला मिळालं तरी कागद सातही जणांचे काढावे लागतात, म्हणून सुरुवातीलाच सात ओळींचा तक्ता आखा: नाव, सेवा क्रमांक, त्या रात्रीचा हुद्दा, काम, पुढे काय झालं. नमुन्यासाठी १०६ स्क्वाड्रनचा फ्लाइट इंजिनिअर नॉर्मन जॅक्सन घेऊ. इंग्लंडमधल्या मेदरिंगहॅम तळावरून निघालेलं विमान, लक्ष्य जर्मनीतलं श्वाइनफुर्ट, रात्र २६-२७ एप्रिल १९४४.

तारीख अशी जोडूनच लिहा. उड्डाण एका तारखेला आणि हल्ला दुसरीला, त्यामुळे एकच तारीख टाकून शोधलं की निम्म्या नोंदी निसटतात.

पहिला कागद लंडन गॅझेटचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचा. जॅक्सनचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, २६ ऑक्टोबर १९४५ च्या पुरवणीत जाहीर झाला. पुरवणीच्या पानावर दोन तारखा असतात, मूळ अंकाची आणि पुरवणीची. पुष्कळ जण पहिलीच उतरवतात. हुद्द्याचंही तसंच: गॅझेटमध्ये तो ‘सार्जंट (आता वॉरंट ऑफिसर)’ आहे. तक्त्यात सार्जंटच लिहायचं. एखाद्याला मधल्या काळात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं असेल तर सेवा क्रमांकही बदलतो, आणि एकच माणूस दोन वाटू लागतो.

आता गॅझेटमधलं प्रशस्तिपत्र, म्हणजे पदक का दिलं याची हकीकत, सावकाश वाचा. बॉम्ब टाकून झाल्यावर शत्रूच्या लढाऊ विमानाने गाठलं, उजव्या पंखाला आग लागली. जॅक्सनने अग्निशामक नळकांडं जॅकेटात खोचलं, पॅराशूट चढवलं आणि वैमानिकाच्या डोक्यावरची खिडकी उडवून तो बाहेर निघाला. तेवढ्यात पॅराशूट कॉकपिटमध्येच उघडलं. आतल्या सोबत्यांनी दोऱ्या धरून ठेवल्या आणि तो पुढे सरकेल तशा सैल सोडल्या. पंखावर त्याने हवा आत घेणाऱ्या तोंडाला पकड घातली. नळकांडं निसटलं, हात भाजले, आणि अर्धवट जळालेल्या पॅराशूटनिशी तो खाली गेला.

हे सगळं पाहिलं कोणी? इथेच खरी तपासणी सुरू होते. घटना आणि जाहीर पदक यांत दीड वर्ष गेलं, कारण वाचलेले सोबती युद्धकैदी होते. ते सुटून आल्यावरच हकीकत कळली. त्या दोऱ्या धरणाऱ्या हातांची साक्ष नसती तर हे पानच छापलं गेलं नसतं. वैमानिक फ्रेड मिफ्लिन आणि मागचा तोफची मारले गेले.

दुसरा कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधला, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागारातला. स्क्वाड्रनची दैनंदिन नोंदवही एआयआर २७ या मालिकेत आहे. तिचे दोन भाग: फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ मध्ये विमानागणिक क्रू आणि वेळा. आधी ५४१ काढा, सात नावं तिथे मिळतात. न परतलेल्या विमानापुढे बहुधा ‘बेपत्ता’ एवढंच असतं. त्यावरून शौर्याची कथा खोटी ठरवू नका, ती नोंद त्याच सकाळची आहे. मृतांची नावं युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीशी ताडून पाहा.

एकाच क्रूमध्ये पदकं वेगळी का, हा प्रश्न येतोच. त्या काळी डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) अधिकारी आणि वॉरंट ऑफिसरांना मिळे, डीएफएम (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल) त्याखालच्यांना. आणि तेव्हा मरणोत्तर डीएफसी किंवा डीएफएम देता येत नसे. मरणोत्तर मिळे तो व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर डिस्पॅचमध्ये, म्हणजे सेनापतीच्या अधिकृत अहवालात, नुसता उल्लेख. तेव्हा ‘याला काहीच मिळालं नाही’ म्हणजे तो कमी पडला, असा अर्थ कधीही काढू नका.

पदक हातात असेल तर कड बघा. डीएफएमवर नाव कोरलेलं असतं. युद्धकाळातल्या डीएफसीवर सरकारी कोरीव काम फक्त वर्षाचं, मागच्या बाजूला. त्यावर नाव दिसलं तर ते नंतर खाजगीत घातलेलं असणार, म्हणून अशा पदकाची ओळख सोबतच्या कागदांवरूनच पटवा.