गाडीत बाहेरून काही बसवलंय? विमा कंपनीला कळवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) काढा आणि आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीचा, तक्ता बघा. गाडीच्या किमतीशेजारी इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज आणि सीएनजी/एलपीजी किट असे वेगळे रकाने असतात. तिथे शून्य असेल, तर बाहेरून बसवलेली वस्तू विम्यात धरलेली नाही, एजंट तोंडी काहीही म्हणो. कारखान्यातूनच आलेल्या, गाडीच्या किमतीत धरलेल्या वस्तू मात्र वेगळ्या कळवाव्या लागत नाहीत.

मग बसवलेल्या वस्तूंची छाननी करा. स्टिरिओ, कॅमेरा, सीट कव्हर, अलॉय व्हील यांची नोंद फक्त विमा कंपनीकडे करायची असते. अलॉय आणि टायर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापाचे असले तर वादाला जागा राहत नाही. रंग बदलला किंवा सीएनजी किट बसवलं, तर आधी आरसीत नोंद, मग विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार हे बदल आरटीओच्या नोंदीत आले पाहिजेत, आणि परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचा लोखंडी बुलबार काढूनच टाका, तो कळवून नियमात बसत नाही.

बडोद्यात सीएनजीचा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून त्याचे कागद नीट जमवा. तुमच्या मॉडेलसाठी मान्यता असलेलं किट, बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र आणि जीएसटी बिल, सिलिंडरचा नंबर आणि चाचणीची तारीख (ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते). गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्रही लागतं. दरजीपुऱ्याच्या आरटीओतून आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं आलं, की त्याची प्रत विमा कंपनीला द्या. आरसीवर नुसतं पेट्रोल आणि डिकीत सिलिंडर, अशा गाडीच्या क्लेमवर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) पहिलं बोट तिथेच ठेवतो.

खर्च घाबरण्यासारखा नाही. २००२ च्या टॅरिफपासून (विमा दरपत्रकापासून) चालत आलेला इलेक्ट्रिकल वस्तूंचा दर किमतीच्या ४ टक्के आहे, हल्ली कंपनीगणिक थोडा फरक पडतो. ४०,००० रुपयांच्या स्टिरिओला १,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला १,८८८ रुपये. सीएनजी किटला याच दराखेरीज थर्ड पार्टीचे ६० रुपये. वस्तूची किंमत बिलाप्रमाणेच लिहा. जुन्या वस्तूवर घसारा लागतो: एक ते दोन वर्षांच्या वस्तूला २० टक्के, दोन ते तीनला ३० टक्के. बिल नसेल तर किंमत सिद्ध करणं फार जड जातं, म्हणून दुकानातून निघण्याआधीच पक्कं बिल मागा.

फोटो काढताना सीरियल नंबर स्पष्ट दिसू द्या, आणि एका फोटोत ती वस्तू व गाडीची नंबर प्लेट दोन्ही येऊ द्या. स्टिरिओची जोडणी मूळ वायर न कापता कपलरने (तयार प्लगने) करून घ्या, वाढीव हॉर्न-लाइटला रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि फ्यूज हवाच. एच४ हेडलाइटचा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, त्याजागी १०० वॅटचा लावला तर होल्डर वितळू शकतो. शॉर्ट सर्किटने आग लागली तर कापलेल्या, फ्यूज नसलेल्या वायरकडे सर्व्हेअर बोट दाखवणार. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर बडोदेकरांना सांगायला नको. सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर अशा पाण्यात लगेच जातो, आणि तो नोंदलेला नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

आता ईमेल: पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, वस्तूंची किमतीसह यादी, बसवल्याची तारीख, सोबत बिलं, फोटो, आरसी. कंपनी गाडी बघायला माणूस पाठवू शकते, तेव्हा गाडी धुऊन तयार ठेवा. संरक्षण सुरू होतं ते एंडोर्समेंटच्या (पॉलिसीतला बदल नोंदवणाऱ्या कागदाच्या) तारखेपासून, बसवल्याच्या नाही. एंडोर्समेंट हाती आली की प्रत्येक रकान्यातली रक्कम यादीशी ताडून बघा, एक शून्य कमी पडलं तरी लगेच कळवा.

नूतनीकरणाला कंपनी बदलत असाल तर हे सगळं पुन्हा सांगावं लागतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये अ‍ॅक्सेसरीज आणि बाहेरून बसवलेल्या सीएनजीच्या चौकटी रिकाम्याच येतात. त्या स्वतः भरा आणि मगच पैसे भरा.