बॉक्स बदलण्याआधी वायर बघा: केबलच्या ग्राहकांनी या चुका टाळा

मी सांगलीत केबलच्या लाइनवर काम करतो. सांगलीसारख्या शहरांत केबल डिजिटल करायची मुदत आधी ३१ डिसेंबर २०१५ होती, ती लांबत लांबत २०१७ च्या जानेवारीअखेरपर्यंत गेली. सेट-टॉप बॉक्स घरोघरी बसले, पण सवयी अजून जुन्याच आहेत. चित्र अडकलं की पहिला फोन येतो, "बॉक्स खराब आहे, दुसरा आणा." दहातल्या सात वेळा बॉक्स धडधाकट असतो.

विश्रामबागेतल्या एका गुरुजींकडं तीन बॉक्स बदलून झाले होते. तक्रार एकच: ठरावीक दहा-बारा चॅनेल चौकोन चौकोन होऊन थांबायचे, बाकीचे काचेसारखे स्वच्छ. गुरुजींचं म्हणणं, "वायर खराब असती तर सगळेच गेले असते की." ऐकायला बरोबर वाटतं, पण तसं नसतं. डिजिटलमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा चॅनेल एकत्र बांधून पाठवतात. ती एक फ्रिक्वेन्सी कमजोर पडली की तेवढा गठ्ठा जातो.

मी बॉक्सला हात न लावता खिडकीपासून वायर धरत निघालो. कपाटामागं सापडली: रंगकामाच्या वेळी तोडलेली, तांब्याला तांबं पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी सोडवली तर तांबं हिरवं पडलेलं. अॅनालॉगच्या काळात असल्या जॉइंटवर चित्र चालायचं, नुसत्या मुंग्या दिसायच्या. मुंग्या दिसल्या की माणूस समजायचा, लाइन बिघडायला लागली. डिजिटल ती सूचना देत नाही. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र उत्तम, जरा खाली गेला की एकदम बंद. दोन पिना आणि एक जोडणी लावली, पाच मिनिटांचं काम. गुरुजींनी चहा दिला आणि तिन्ही बॉक्सची आठवण काढून खजील झाले.

पिन लावतानाही घाई नडते. वायरीतल्या बाहेरच्या जाळीची एक केसभर तार मधल्या तांब्याला टेकली की सिग्नल गेलाच. मी जाळी मागं दुमडतो, चष्मा लावून बघतो, मगच पिन फिरवतो. यूट्यूब बघून दातांनी वायर सोलणाऱ्या पोरांना माझा नमस्कार.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे स्प्लिटर, एका वायरीचे दोन फाटे करणारा. हॉलमधल्या वायरला स्प्लिटर लावून बेडरूमचा टीव्ही जोडायचा, आणि मग "दुसऱ्यावर काहीच येत नाही." येणार नाहीच, चॅनेल उघडतो तो बॉक्स. दुसऱ्या टीव्हीवर वेगळं काही बघायचं तर दुसरा बॉक्स लागतो, त्याचं वेगळं कनेक्शन धरलं जातं. वर दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्याला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो, म्हणजे हॉलमधलंही चित्र अडकायला लागतं. दुसरा टीव्ही काढला तर स्प्लिटरही काढा, रिकामं तोंड उघडं ठेवू नका.

टीव्हीच्या रिमोटवर ऑटो ट्यून दाबू नका. बॉक्सचं चित्र एव्ही किंवा एचडीएमआयवर असतं, तिथं ट्यून करायला काहीच नाही. पडद्यावर 'नो सिग्नल' आलं तर आधी सोर्स बघा. निम्मे फोन तिथंच संपतात.

बॉक्सचं फॅक्टरी रिसेट तर अजिबात नको. नेटवर्कची फ्रिक्वेन्सी त्यातून उडते आणि मग माझी रविवारची दुपार जाते.

पुण्याहून मेहुण्यानं दिलेला बॉक्स इथं लागत नाही. आमच्या नेटवर्कमध्ये त्याचा नंबर नाही, आणि डिशचा असेल तर त्याला केबलचा सिग्नल कळतच नाही.

'चॅनेल सबस्क्राइब नाही' असं आलं तर वायर हलवून उपयोग नाही, पॅक बघा. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियम बदलले: महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये आणि जीएसटी मिळून १५३ रुपये ४० पैसे नुसत्या जोडणीचे, त्यात १०० चॅनेल, आणि पैशाच्या चॅनेलची किंमत वेगळी. तेव्हा कुणी आवडीचे चॅनेल लिहून दिलेच नाहीत, "सगळं टाक रे" म्हणाले, आणि बिल बघून भांडायला आले. २०२० मध्ये तेवढ्यातच २०० चॅनेल झाले, २०२४ ला ट्रायनं १३० रुपयांची ती कमाल मर्यादाही काढली. आता पावती बघून विचारा, जुना आकडा घेऊन नको. पॅक भरला असूनही चॅनेल उघडत नसेल तर बॉक्स चालू ठेवा, बॉक्समधल्या कार्डाचा नंबर सांगा, आम्ही ऑफिसातून रिफ्रेश मारतो. बॉक्स बंद करून रिफ्रेश मागणारे लोक रोज भेटतात.

आणि पावसाळ्याआधी एकच बघा. खिडकीतून वायर आत घेताना बाहेर थोडा झोळ खाली सोडा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाहून खाली टपकतं. सरळ आत आलेल्या वायरीवरून ते थेट भिंतीत आणि तिथून पिनेत उतरतं.