वासराला सेन्सर लावलाय, आता पुढं काय?

सेन्सर म्हणजे डॉक्टर नाही, तो फक्त सांगतो की या वासराकडं जरा बघा. कानातला टॅग किंवा पायाचा पट्टा हालचाल मोजतो, किती वेळ बसलं, किती वेळा उठलं वगैरे, आणि ऑटोमॅटिक मिल्क फीडर असेल तर दूध किती आणि किती स्पीडनं प्यायलं तेही कळतं, माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा हाच.

टॅग लवकर लावा कारण हगवण बहुतेक पहिल्या ३-४ आठवड्यांतच गाठते. कानाच्या शिरेवर टोचू नका, दोन शिरांच्या मधे बसवा. सुरुवातीचे काही दिवस नुसता डेटा जमू द्या. तुलना करायची ती त्याच वासराच्या कालच्या आकड्यांशी, शेजारच्याशी नाही.

अलर्ट आला की मोबाईल खिशात टाका आणि गोठ्यात जा. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा, ३८.५ ते ३९.५ सेल्सिअस नॉर्मल, वर गेला की ताप (कानाच्या टॅगचं टेम्परेचर ऊन-थंडीनं पण बदलतं, त्यावर जाऊ नका). शेपटीखाली चिकट ओलं आहे का, डोळे खोल गेलेत का बघा, मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, २ सेकंदांत जागेवर नाही आली तर अंगातलं पाणी कमी झालंय, इलेक्ट्रोलाइट (क्षार मिसळलेलं पाणी) द्या, डॉक्टरला फोन करा, आणि दूध मात्र तोडू नका.

लस दिली, शिंगं जाळली, जागा बदलली की आकडे हलणारच, ते अ‍ॅपमधे टाकून ठेवा. आणि अलर्ट नाही पण वासरू मलूल दिसतंय? तरी तपासा.