मागच्या बाकावर बसा

कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत सहावी-सातवीला मदतीला जाणार असाल, तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. फळ्याच्या वाटेला जाऊ नका, तो बाईंचा. मागच्या बाकावर पोराशेजारी बसा आणि ४०२ मधून १७८ वजा करायला सांगा.

उत्तर ३७६ आलं? म्हणजे त्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय. पोरगं ढ नाही हो, मधल्या शून्यानं घोळ घातलाय. कपिलतीर्थ मंडईत हेच पोरगं सुट्टे पैसे बिनचूक परत देईल!

मग कागदाच्या खोट्या नोटा काढा. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा सुट्टे. राहिले ३ शंभर, ९ दहा, १२ सुट्टे. वजाबाकी त्यालाच करू द्या. पेन्सिल हिसकावून घ्यायचा मोह फार होतो.