पेनड्राइव्हवर सोर्स कोड आहे की नुसता बिल्ड? असं ओळखा

दादरला माझ्या मावशीचं मसाल्याचं दुकान आहे. वेबसाइटवर पार्सलचा खर्च ४० रुपयांचा ५० करायचा, एवढंच काम होतं. 'सगळा कोड यात आहे' असं सांगून साइटवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह लावला, तर आत सोर्स नव्हताच.

सोर्स म्हणजे माणसाने लिहिलेला कोड. त्यातून सर्व्हरवर चढवायला तयार होतो तो बिल्ड. बिल्डवर साइट छान चालते, बदल करायची वेळ आली की अडतं.

आधी विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन आणि लपलेल्या फाइली दिसतील असं करून घ्या. डॉट गिट नावाचं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं फोल्डर दिसलं तर बहुधा सोर्सच आहे.

मग सगळ्यात बाहेरच्या फाइल-फोल्डरांची नावं वाचा. रिअ‍ॅक्ट (साइट बनवायची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरलेल्या सोर्समध्ये एसआरसी फोल्डर आणि पॅकेज डॉट जेसन असतं. नोड मॉड्यूल्स हे तयार लायब्रऱ्यांचं फोल्डर नसेल तरी घाबरू नका, ते पुन्हा उतरवता येतं. बिल्डमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल आणि नावात अगम्य अक्षरं-आकडे असलेल्या जावास्क्रिप्ट फाइली दिसतात.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर बनवलेल्या साइटमध्ये मात्र हमखास फसगत होते. पब्लिश केलेल्या, म्हणजे बिल्डच्या, फोल्डरातही एएसपीएक्सची पानं असू शकतात, त्यामुळे सोर्सच आहे असं वाटतं. सीएसप्रोज (.csproj) आणि सीएस (.cs) एक्स्टेन्शनच्या फाइली शोधा. सीएसएस (.css) वेगळं, ते पानाच्या सजावटीचं; गल्लत नको. त्या एकही नसतील आणि बिन फोल्डरमध्ये फक्त डीएलएल, म्हणजे कोडवरून तयार झालेल्या फाइली, असतील, तर तो बिल्ड. आयएलस्पाय नावाच्या प्रोग्रॅमने डीएलएल उलगडून कोड वाचता येतो, पण मूळ लिहिणाऱ्याच्या टिपा त्यात उरत नाहीत.

पीएचपी भाषेतल्या साइटमध्ये सहसा हा प्रश्नच नसतो, लिहिलेलंच सर्व्हरवर जातं. डेटाबेस तेवढा वेगळा मागून घ्या.

अजून शंका असेल तर एक फाइल नोटपॅडमध्ये उघडा. मावशीच्या फाइलीत एकच ओळ उजवीकडे धावत होती, कोडमधली नावं नुसती ए, ई, टी. '४०' शोधलं तर ढीगभर ठिकाणी सापडलं. पार्सलचं कुठलं, कसं कळणार? शेजारी डॉट मॅप फाइल (बिल्डची मूळ कोडशी सांगड घालणारी) असती तर मूळ कोड कदाचित त्यातच मिळाला असता.

खरी परीक्षा दुसऱ्या कॉम्प्युटरवर. रिअ‍ॅक्टचा सोर्स असेल तर कमांड विंडोत एनपीएम इन्स्टॉल (लायब्रऱ्या उतरवायला), मग एनपीएम रन बिल्ड (बिल्ड तयार करायला). साइट तयार झाली तरच शेवटचा हप्ता द्या.

आम्ही साइटवाल्याकडे एसआरसी फोल्डर लेखी मागितलं. ते आलं, आणि एका छोट्या फाइलीत ती ओळ सापडली: पार्सल चार्ज, ४०.