‘किती?’ नको, ‘चार दे’ म्हणा

लेक तीन वर्षांची असताना वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची आणि मी सगळ्यांना कौतुकाने ऐकवायला लावायचे. एकदा बटणं लावत बसले होते. म्हटलं, "चार बटणं दे गं." तिनं मूठभर बटणं माझ्या मांडीवर ओतली. "मोज बरं." एक, दोन, तीन करत ती सातपर्यंत गेली. "मग किती झाली?" तर परत पहिल्यापासून सुरू: एक, दोन, तीन…

आकडे पाठ होते, मोजणं नव्हतं. शेवटचा आकडा म्हणजेच सगळी मिळून किती, हे बहुतेक मुलांना साडेतीन-चारच्या आसपास उमगतं. त्याआधी त्यांना ‘एक’ तेवढं बरोबर देता येतं, पुढचं काहीही मागा, मूठच येते. काही महिन्यांनी ‘दोन’ जमतं, मग ‘तीन’. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1990 साली हे ‘दे’ सांगूनच तपासलं होतं.

तुम्हीही तेच करा. एकसारखी दहाएक बटणं घ्या (गिळायच्या वयाचं धाकटं भावंड जवळ असेल तर मोठी बुचं घ्या). एक मागा, दोन मागा, असं वाढवत न्या. जिथे मूठ येते, तिथे थांबा आणि तेवढ्याच आकड्यावर खेळा. तीन अडत असेल तर तीन बटणं ठेवून आधी "ही तीन" म्हणा, मग मोजा, शेवटी परत "तीन". उगाच दहा-बारा मांडू नका. तीनचा ढीग नजरेतच मावतो, म्हणून आकडा आणि ढीग यांची गाठ तिथे पडते.

पुढची अडचण बोटाची. तोंड ‘चार’वर, बोट सहाव्या बटणावर! "नीट मोज" म्हणून काही होत नाही, मी ओरडूनही पाहिलंय. मोजलेलं प्रत्येक बटण उचलून वाटीत टाकायला लावा, एक आवाज, एक आकडा. गोलात मांडू नका, कुठून सुरू केलं ते विसरून मूल फिरतच राहतं.

मोजणं बसलंय असं वाटलं की तीच बटणं लांब-लांब पसरा आणि विचारा, "आता किती?" पसरली तरी तेवढीच, हे कळलंय का ते दिसतं. आमची अजून परत मोजते. मोजू देते. मात्र परवा पाच मागितली, तर तिनं सहा काढली, मोजली आणि मी काही बोलायच्या आत एक डब्यात परत टाकलं.